सासूबाईंचं सागवानी कपाट, दुधाचं जाळीचं कपाट, ट्रंक: स्वयंपाकघरात कशाचं काय करावं? (सांगली, पुराचा भाग)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आमचं घर सांगलीच्या गावभागात आहे आणि स्वयंपाकघर तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या ओट्याखालच्या ट्रॉल्या चार दिवस पाण्यात होत्या. प्लायचे पापुद्रे सुटले आणि पार्टिकल बोर्डाचा लगदा झाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या वेळी आधीच सावध झालो होतो, डबे-भांडी वर नेली, पण ठोकून बसवलेलं कसं उचलणार?

त्याच घरात, त्याच पाण्यात सासूबाईंचं सागवानी कपड्यांचं कपाट उभं होतं. चिखल धुतला, दारं उघडी ठेवून सावलीत महिनाभर वाळवलं. पॉलिश गेलं, पण एकही सांधा हलला नाही.

म्हणून आता घरात ठरलंय की ओट्याखाली कायमचं काही बसवायचं नाही. जे असेल ते सुटं, भक्कम आणि पाणी चढायला लागलं की दोघांना उचलून माडीवर नेता येईल असं. नवीन करण्याआधी घरात आहे त्याचाच विचार करायचाय. आहे ते असं: सहा फूट उंच, साडेतीन फूट रुंद, वीस इंच खोल सागवानी कपाट. तीन ड्रॉवरचं लिहायचं टेबल. हिरव्या ऑइलपेंटचं जुनं दुधाचं जाळीचं कपाट. दोन लोखंडी ट्रंका. सनमायकाचं टीव्ही शोकेस. कशाचं काय करावं? आणि काय बिलकुल करू नये, तेही सांगा.

रंधा

ताई, मी साताऱ्याचा. नोकरी वेगळी होती, पण लाकूडकाम हाताने करत आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी कपाट भिंतीपासून पुढे ओढा आणि पाठीमागून, खालून बघा. समोरून सगळंच चांगलं दिसतं. पाठीला पॉलिश नसतं, त्यामुळे लाकूड तिथे कळतं. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि त्याखाली मैद्यासारखी बारीक पूड दिसली तर भुंग्याची कीड आहे. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. दोन्हींचा इलाज वेगळा. वाळवी बहुतेक जमिनीतून येते, तिथे नुसतं कपाट साफ करून भागत नाही, ती भिंतीतून की फरशीच्या फटीतून येतेय ते शोधावं लागतं. भुंग्याची अळी लाकडाच्या आतच असते.

सागाचा गाभा, म्हणजे तपकिरी भाग, सहसा कीड धरत नाही. कडेचं फिकट, पांढरट लाकूड मात्र तिला आवडतं. जुन्या सुतारांनी चांगल्या कपाटातसुद्धा आतल्या फळ्यांना आणि पाठीला कमी प्रतीचं लाकूड वापरलेलं असतं. तेव्हा कपाट सागवानी म्हणून निर्धास्त राहू नका, प्रत्येक फळी बघा. भोकं जुनी आहेत की कीड अजून जिवंत आहे हे कळायला सोपा उपाय आहे. सगळी पूड ब्रशने झटका, खाली काळा कागद पसरा आणि काही आठवडे तसंच राहू द्या. नवी पूड पडली तर कीड चालू आहे. तेवढीच फळी बदलून टाका, पूर्ण कपाट टाकायची गरज नसते.

एक कळकळीची विनंती. आतल्या बाजूला रॉकेल, वाळवीचं औषध असलं काही मारू नका. कपड्यांच्या कपाटाला चालून जात असेल, तुम्ही तिथे पीठ-तांदूळ ठेवणार आहात.

आता वजन. कपडे हलके, डाळी-तांदूळ जड. कपड्यांच्या कपाटातल्या फळ्या कपड्यांच्या हिशोबाने केलेल्या असतात. फळीची लांबी दुप्पट झाली की तेवढंच वजन तिला आठपट वाकवतं, आणि जाडी दुप्पट केली की वाक आठव्या हिश्श्यावर येतो. साडेतीन फुटांच्या पाऊण इंची फळीवर दहा-दहा किलोचे डबे ओळीने मांडले तर ती झोळ धरणारच. त्यामुळे मधोमध एक उभी फळी घालून दोन खण करा. ते जमणार नसेल तर प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड-दोन इंचाची उभी पट्टी मारा. पट्टी दिसायला किरकोळ, पण फळी पुष्कळ ताठ होते.

मिरज_जंक्शन

टीव्ही शोकेसबद्दल माझं स्पष्ट मत: स्वयंपाकघरात नको. सनमायकाच्या आत पार्टिकल बोर्ड आहे. ओलं फडकं रोज लागलं तरी कडा फुगतात, पुराची गोष्ट सोडाच. काचा आणि बिजागऱ्या काढून घ्या, बाकीचं जाऊ द्या.

आणि प्लाय घ्यायची वेळ आलीच तर त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का बघूनच घ्या. साध्या कमर्शियल प्लायचा आयएस ३०३ वेगळा. दुकानात दोन्हींना 'वॉटरप्रूफ' म्हणून देतात.

वाईची_मावशी

कृष्णाकाठची, कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत होतीस का गं? ठेवत असशील तर तो वास आधी घालव. नाहीतर पोह्यांना, रव्याला, चहाला तो लागतोच. डबे घट्ट असले तरी लागतो. डांबरगोळी हवेत विरते आणि कोऱ्या लाकडात मुरते. आमच्या वाईच्या घरातल्या कपाटाचं असंच झालं होतं. नुसतं पुसून, सोडा ठेवून, कॉफीपूड ठेवून काही फरक पडला नाही.

उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक, चैत्र-वैशाखातलं ऊन. दारं काढून, फळ्या सुट्या करून अंगणात ठेवायच्या, संध्याकाळी आत घ्यायच्या. दुसरं, आतून लाखेचं पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन-तीन पातळ हात दिले की वास आतच कोंडला जातो. हे मला आमच्या पॉलिशवाल्या मिस्त्रींनी सांगितलं. तुम्हाला तर मिरज जवळ. तिथे तंतुवाद्यांना हाताने फ्रेंच पॉलिश करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताखालून हे काम सहज जाईल.

कृष्णाकाठची

मावशी, बरोबर ओळखलंत. वरच्या कप्प्यात शालू आणि डांबरगोळ्या, वर्षानुवर्षं. पुरानंतरही तो वास गेलेला नाही.

रंधा, पाठीमागून बघितलं. गाभा चांगला आहे. तळाच्या फळीला मात्र भोकं आहेत, काळा कागद आजच पसरला.

आता दुधाचं कपाट. चारी बाजूंना जाळी, चार पाय. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचो, मुंग्या चढू नयेत म्हणून. लहानपणापासून बघतेय, त्यावर हिरव्या रंगाचे थरावर थर आहेत आणि आता पोपडे निघतायत. घासून काढून नवा रंग द्यावा म्हणते. कांदे-बटाटे, फळं आणि तापवलेलं दूध ठेवायला जाळीसारखं दुसरं काही नाही.

कुपवाड_फाटा

थांबा, कोरडं घासू नका! जुना ऑइलपेंट, त्यातून हिरवा किंवा पिवळा, म्हणजे त्यात शिसं असण्याची शक्यता बरीच. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री देता येत नाही. पॉलिश पेपरने कोरडं घासलं की ती धूळ घरभर उडते, भांड्यांवर बसते, रांगत्या मुलांच्या हाताला लागते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं आणि गरोदर बाईलाही. ब्लोअरने जाळून काढणंही तितकंच वाईट, त्याचा धूर नाकात जातो.

मी रंगाच्या कामात आहे म्हणून पद्धत सांगतो. काम घराबाहेर, खाली प्लॅस्टिकचा कागद. पाणी मारत मारत वॉटर पेपरने फक्त सुटलेले पोपडे काढायचे. चांगला धरून बसलेला रंग खरवडायचा नाही, त्यावर प्रायमर आणि नवा रंग देऊन तो झाकायचा. मास्क साधा कापडी नको, एन-९५ घ्या. निघालेला गाळ कागदासकट गुंडाळून टाका, परसात कुंड्यांमध्ये ओतू नका. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. आणि त्यानंतरही त्या फळीवर भाकरी, चिरलेली फळं थेट ठेवू नका. ताट किंवा टोपली मध्ये असू द्या.

जाळी मात्र नवीन बसवा, स्टेनलेसची. जुनी गंजलेलीच असेल.

हळदबाजार

+१ कुपवाड_फाटा.

कांदे आणि बटाटे एकाच खणात नकोत, बटाट्याला लवकर मोड येतात. बटाट्याला उजेडही नको, हिरवा पडतो आणि हिरवा बटाटा खाऊ नये. तेव्हा जाळीच्या कपाटाचा खालचा खण बटाट्याला द्या आणि तेवढ्या खणाला आतून गोणपाट लावा. हवा खेळते, उजेड येत नाही.

हळदीच्या गावात राहून सांगायलाच पाहिजे: काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये काचेच्या बरण्यांत मसाले ठेवायची फॅशन आहे, पण हळदीचा रंग उजेडाने उडतो. मिरचीचाही. टेबलाचे जे तीन ड्रॉवर आहेत ना, ते मसाल्यांसाठी उत्तम. अंधार असतो, आणि वरून बघितलं की सगळी झाकणं दिसतात. झाकणांवर नावं लिहा.

पलूसचा

आमच्याकडं असल्या दोन ट्रंका हायती. त्या लई कामाच्या. वर्षाचा गहू-ज्वारी त्यातच. पण थेट फरशीवर ठेवू नका, खालनं गंजत्यात. विटा नाहीतर लाकडी ठोकळे घालून पाच-सहा इंच वर घ्या, म्हणजे खालनं झाडू पण फिरतो. आतनं गंज असंल तर घासून, रंग देऊन चांगला महिनाभर वास जाऊस्तवर उघडी ठेवायची. धान्य थेट न ओतता पोत्यासकट ठेवायचं.

आणि वीस इंच खोल कपाटात मागचा डबा वरीसभर दिसत न्हाई बघा. आमी काय केलं, द्राक्षाचे प्लॅस्टिक क्रेट घातले. तासगाव-पलूसला घरोघरी पडलेले असत्यात. फळीवर क्रेट ठेवायचा, हातानं पुढं ओढायचा, झाली ट्रॉली. पाणी आलं की क्रेटसकट वर. धुतला की नवा. आधी कपाटाचं आतलं माप घ्या, दाराची चौकट आत येती तिथंच क्रेट अडकतो.

कृष्णाकाठची

पलूसचे दादा, हे फार आवडलं! पूर आल्यावर एकेक डबा जिन्यावरून वर नेण्यात जी रात्र जाते, ती क्रेटमुळे वाचेल.

शनिवारपेठ

मी साताऱ्यात वाड्यात राहतो. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन फूट जाड. अशा भिंतीत गिट्टी-स्क्रू धरतच नाही, त्यामुळे वर टांगायची कपाटं आमच्याकडे शक्यच नव्हती. जुन्या लोकांनी म्हणूनच भिंतीत फडताळं आणि कोनाडे ठेवले. तुमचं घर जुनं असेल तर ती फडताळं बुजवलेली आहेत का बघा. आमच्या एका फडताळावर मागच्या पिढीत प्लॅस्टर केलं होतं, आता उघडून त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवतो. फडताळ थंड असतं, लोणचं छान राहतं.

उंच कपाट उभं ठेवणार असाल तर ते पुढे पडणार नाही याची सोय करा. दारावर डबे लावले आणि दोन्ही दारं एकदम उघडली की सगळा भार पुढे येतो. लहान मूल खालच्या ड्रॉवरवर चढलं तर आणखी. पक्की वीट असेल तर वरच्या कडेला दोन अँगल मारा. मातीची भिंत असेल तर वरच्या तुळईला किंवा दाराच्या चौकटीला पट्टी जोडा. आणि तांदूळ, तेलाचे डबे कायम खालच्या खणात.

स्टीलप्रेमी

मला एक समजत नाही. पूरभागात राहून लाकूड कशाला? पूर्ण स्टेनलेस स्टीलच्या रॅक मिळतात. पाणी आलं, गेलं, धुतलं. कीड नाही, वास नाही, शिसं नाही.

कृष्णाकाठची

तुमचं म्हणणं खोटं नाही. ओट्याखाली भांड्यांसाठी उघडी स्टीलची मांडणी घेणारच आहे. पण धान्य-मसाल्याला बंद कपाट लागतं. आणि हे कपाट माझ्या सासूबाईंनी त्यांच्या पगारातून घेतलेलं आहे. ते दोन पूर बघून उभं आहे, घरात आहे, त्याला काढून टाकायला माझं मन तयार नाही. ते रोज वापरात राहावं असं वाटतं.

आता खरा पेच. आमचा जिना अरुंद आहे, मधे वळण. सहा फुटांचं कपाट अख्खं वर जाणार नाही, मग 'उचलता येणारं' या माझ्या अटीतच ते बसत नाही. मिस्त्री म्हणतात मधून कापून दोन करू. मिस्टर म्हणतात आईच्या कपाटाला करवत लावायची नाही.

वाईची_मावशी

कापू नकोस गं. असं लाकूड आता बघायलाही मिळत नाही.

मिरज_जंक्शन

माझं मत उलट. न कापता पुराच्या पाण्यात आणखी तीन-चार वेळा उभं राहिलं तर तळ जाईलच. सागाचं लाकूडही दर वेळी सांडपाण्यात भिजवायला नसतं. कापलं तर वाचेल.

रंधा

दोघांचंही पटतं, पण आधी एक बघा. त्या काळातली बरीच मोठी कपाटं सुटी होणारी असतात, कारण तेव्हाही ती अरुंद जिन्यांवरूनच वर न्यायची होती. वरचं छत, म्हणजे कंगोऱ्याची पट्टी असते ती फळी, हाताने वर ढकलून बघा. आत कोपऱ्यांत लाकडी पाचर किंवा बोल्ट दिसतो का बघा. पाचर निघाली तर छत, बाजू, पाठ, तळ असे वेगळे होतील आणि करवत लागणारच नाही.

तसं नसेल तर कापा, मात्र वाटेल तिथे नको. मधे जी पक्की फळी सांध्यात बसवलेली असते, तिच्या लगेच वर. म्हणजे खालच्या भागाला आयतं छत मिळतं, आणि वरच्या भागाला फक्त नवा तळ घालावा लागतो. दारंही त्याच रेषेत कापली जातील, प्रत्येक दाराचे दोन पल्ले होतील. कापलेल्या कडेला सागाचीच पट्टी लावून घ्या. खालचा भाग साधारण ओट्याच्या उंचीचा, बत्तीस-चौतीस इंचांचा आला तर वर पोळपाट ठेवायला जागा मिळते. टेबल तीस इंचांचं असेल, पोळ्या लाटताना पाठ वाकते, त्याला पायांखाली ठोकळे लागतील.

दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून आतून चार बोल्ट आणि मोठे वॉशर. खिळे नकोत, फेव्हिकॉल नको. पूर येतोय म्हटलं की पाना घेऊन पाच मिनिटांत सुटलं पाहिजे. पाना कपाटाच्या आतच दोरीने बांधून ठेवा.

दारांवर मसाल्याचे किंवा सॉसचे रॅक लावणार असाल तर दोनाऐवजी तीन बिजागऱ्या. पितळी मिळाल्या तर घ्या, गंजत नाहीत. आणि पावसाळ्यात दार फुगून अडकलं तर लगेच रंधा मारू नका. आमच्याकडे साताऱ्यात आषाढात प्रत्येक दार अडकतं आणि दिवाळीपर्यंत आपोआप सैल होतं. पावसात रंधलेल्या दाराला उन्हाळ्यात बोटभर फट पडते, मग झुरळांना रस्ता मोकळा.

हळदबाजार

बाहेरून पॉलिशऐवजी तेल दिलं तर चालेल का? आमच्या आजी दाराला शेंगतेल लावायच्या.

रंधा

शेंगतेल सुकत नाही. चिकट राहतं, धूळ धरतं, पुढे खवट वास येतो. जवसाचं तेल सुकतं, कारण ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्या, कच्चं तेल असेल तर पुढचा हात देण्याआधी बरेच दिवस जाऊ द्या.

यात एक धोका आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तेलाच्या आधी जुनं पॉलिश कोणतं आहे ते बघा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून न दिसणाऱ्या जागी मिनिटभर धरा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळ्याला तपकिरी रंग आला तर लाखेचं पॉलिश. ते असेल तर दुरुस्ती सोपी, त्यावर त्याचाच नवा हात बसतो. पण लाखेच्या पॉलिशवर गरम पातेलं ठेवलं की पांढरा डाग पडतो. म्हणून आतून लाख, आणि पोळपाट ठेवायच्या वरच्या फळीला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश किंवा सरळ कडाप्पा.

मिरज_जंक्शन

सिलिंडरचा विषय राहिला. जुन्या कपाटाचा खालचा खण बघितला की लोक त्यात सिलिंडर ठेवतात. बंद खणात नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर तळाशी साठते आणि वास उशिरा कळतो. ठेवायचाच असेल तर तळाशी मोठी भोकं किंवा जाळी हवी, आणि सिलिंडर उभाच. शेगडीच्या अगदी शेजारी लाकडी कपाट नको, हे तर आलंच.

कृष्णाकाठची

मंडळी, छत ढकलून बघितलं. वर्षानुवर्षांच्या रंगाखाली चारी कोपऱ्यांत लाकडी पाचरा निघाल्या! छत उचललं गेलं, बाजू हलल्या. मिस्टरांनी स्वतः एकेक पाचर काढून तिच्यावर पेन्सिलीने नंबर घातले. करवत लागणार नाही.

तळाच्या फळीखाली नवी पूड पडली आहे, ती फळी बदलतोय. मिस्त्रींना पाडलेल्या वाड्यातलं सागाचं लाकूड मिळालंय. शोकेस गेलं. जाळीच्या कपाटाचे पोपडे वॉटर पेपरने काढून झाले. डांबराच्या वासासाठी फळ्या रोज गच्चीवर जातायत.

एकच प्रश्न उरला. पाचरा पुन्हा ठोकल्या तर दर पुराला काढताना झिजणार नाहीत का? तिथे बोल्ट घालू का?

रंधा

पाचराच ठेवा. झिजली तर नवी करायला मिस्त्रीला पाच मिनिटं लागतात, बोल्टसाठी मात्र जुन्या सांध्याला भोक पाडावं लागेल. पाचर सागाची नको, बाभळीची करून घ्या, ती जास्त टणक. प्रत्येक कोपऱ्यासाठी एक जादा करून नंबर घालून ड्रॉवरमध्ये ठेवा. ठोकताना लाकडी हातोडा वापरा, तेल लावू नका, आणि पाचर कोरडी असतानाच बसवा. ओली बसवली तर वाळल्यावर सैल पडते.

पाठीची फळी खोबणीत सरकत असेल तर तिला खिळा मारू देऊ नका. मिस्त्री सवयीने मारतात, आधीच सांगून ठेवा.